वीट आत न्या, विस्तव नको



पौष महिना लागला की वसई-विरारच्या पट्ट्यातही पहाटेचा गारठा जाणवू लागतो. "आमच्याकडे कसली आली आहे थंडी? समुद्र तर उशाशी!" असे इकडची माणसे म्हणतात, आणि ते पुष्कळसे खरे आहे. निफाडचा कडाका इथे पडत नाही. तरीपण १९६२ च्या जानेवारीत इथून जवळच, सांताक्रूझला, पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. शिवाय थंडी किती वाजते हे नुसत्या पाऱ्यावर ठरत नाही. डोक्यावर छप्पर कसले आहे आणि अंगाखाली काय अंथरले आहे, यावरही ते ठरते. पक्क्या घरात चौदा अंश म्हणजे गोड गारवा. पत्र्याच्या डब्यात तेच चौदा अंश हाडांत शिरतात. आज आपण बोलणार आहोत ते अशा डब्यात, म्हणजे फिरत्या घरात, थंडीची रात्र उबेत आणि सुखरूप कशी काढावी याविषयी.

अशी फिरती घरे आपल्याकडे आहेत तरी कुठे? मुंबई-अहमदाबाद महामार्गावर रात्री दहानंतर नजर टाका. वसई फाटा, विरार फाटा, पुढे मनोर, सगळीकडे रस्त्याच्या कडेला मालट्रक ओळीने उभे असतात आणि त्यांच्या केबिनमध्ये माणसे पाय दुमडून झोपलेली असतात. हे झाले पहिले घर. दुसरे घर अलीकडचे आहे. झोपायची, रांधायची, अंघोळीची सोय असलेली मोठी मोटार, तिला कॅरव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडेही कानावर येऊ लागला. काही हौशी मंडळी तर टेंपोवरच पत्र्याची खोली चढवून घेतात. अशी गाडी दुपारी वसईहून निघते आणि रात्री जव्हारला नाही तर नाशिकला मुक्काम करते. तिथली थंडी मात्र वसईची नसते, बरं का!

तिसऱ्या घराला चाके नसतात, पण तेही फिरतेच. दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची वारली आणि कातकरी कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. भट्टीशेजारी विटा रचून, वर पेंढा, झावळ्या, प्लास्टिक टाकून ती जे खोपटे उभारतात त्याला भोंगा म्हणतात. त्यांच्या मुलांसाठी भट्ट्यांवर शाळा भरल्या, त्यांचे नावही भोंगाशाळा असेच पडले. तुमच्यापैकी काही शिक्षकांना त्या ठाऊक असतील.

ट्रकची केबिन, कॅरव्हॅन आणि भोंगा. तिन्हींचे मालक वेगळे, पैसा वेगळा, पण रात्रीचा प्रश्न एकच. जागा लहान, भिंती पातळ, आणि पहाटे तीन-चारच्या सुमारास हुडहुडी भरते.

आता असं पाहा, ऊब जाते कुठे? तिच्या चार वाटा आहेत. पहिली वाट भिंती आणि छप्पर यांची. पत्रा पाऊस अडवतो, ऊब अडवत नाही. रात्री मोकळ्या आभाळाखाली पत्रा सभोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो, म्हणून तर त्याच्यावर दव साचते. दुसरी वाट खालची. जमीन किंवा गाडीचा तळ अंगातली ऊब रात्रभर ओढत राहतो. तिसरी वाट फटींची, तिथून वारा आत येतो आणि ऊब घेऊन जातो. चौथी वाट ओलीची. ओले कापड, ओली गादी, ओले केस सुकताना अंगातलीच ऊब घेऊन सुकतात.

थोडा हिशेब करू. कॅरव्हॅनच्या भिंती, छप्पर आणि तळ मिळून चाळीस चौरस मीटर धरा. आतले तापमान बाहेरच्यापेक्षा दहा अंश जास्त ठेवायचे आहे. नुसता पत्रा असेल तर सुमारे चोवीसशे वॅटची ऊब सतत बाहेर जाते. म्हणजे मोठी विजेची शेगडी रात्रभर पेटती हवी. त्याच पत्र्याला आतून इंचभर जाडीचे फोमचे अस्तर लावले, तर हा आकडा पाचशेच्या आसपास येतो. मोकळ्या हवेसाठी झडप थोडी उघडी ठेवायची, तिच्यातून आणखी दोनशे वॅट जातात असे धरा. एकूण सातशे झाले.

आता दुसरी बाजू पाहा. झोपलेला मोठा माणूस सत्तर ते ऐंशी वॅट ऊब देत असतो, जणू पूर्वीचा एक पिवळा दिवाच. गाडीत चार माणसे झोपली की तीनशे वॅटची शेगडी फुकट पेटली! अस्तर लावलेल्या गाडीत तेवढ्यानेच आतले तापमान बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंशांनी वर राहते. बाहेर चौदा असेल तर आत अठरा. अठरा अंशांत गोधडी घेऊन कोणालाही सुखाने झोप लागावी. तेव्हा पहिला नियम हा, की नवी ऊब निर्माण करण्याआधी असलेली ऊब सांभाळावी. अस्तराला पैसा एकदाच लागतो, आणि इंधनाला रोज.

भोंग्यात फोम कुठून आणायचा? तिथे पेंढा आहे, आणि पेंढा काही कमी नाही. ऊब धरून ठेवतो तो खरे तर पेंढ्यातला कोंडलेला वारा. कापूस, लोकर, गोधडीचे थर यांचेही काम तेच. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवणाऱ्या आपल्या आज्यांना हे पुस्तकाशिवाय कळत होते. पण एक गोष्ट आपण विसरतो. अंगाखालचे अंथरूण आपल्या भाराने दबते, त्यातला वारा निघून जातो आणि खालून गारठा लागतो. म्हणून अंगावर दोन पांघरुणे असतील तर अंगाखाली तीन घाला. भोंग्यात जमिनीवर आधी प्लास्टिक, त्यावर हातभर सुका पेंढा, त्यावर गोणपाट आणि मग चटई. ट्रकच्या सीटवर नुसती चादर टाकण्यापेक्षा जाड घोंगडी दुहेरी करून घाला. एवढ्याने अर्धी थंडी पळते.

ओलीचेही तसेच. चार माणसांचा श्वास रात्रभर बंद जागेत कोंडला की सकाळी पत्र्यावरून, काचेवरून पाणी ओघळते आणि अंथरूण दमट होते. पुढच्या रात्री त्याच दमट अंथरुणात दुप्पट थंडी वाजते. यासाठी अंथरूण रोज उन्हात टाकावे आणि रात्री वरच्या बाजूला एक, खालच्या बाजूला एक अशा पंज्याएवढ्या दोन झडपा उघड्या ठेवाव्यात. केबिनमध्ये दोन्ही बाजूंच्या काचा दोन-दोन बोटे खाली असाव्यात. थोडी ऊब जाईल, पण अंथरूण कोरडे राहील.

इथवर सगळे सोपे आहे. आता अवघड गोष्टीकडे येऊ, कारण आजच्या भाषणाचे खरे कारण तीच आहे.

थंडी फारच वाजू लागली की माणसाला विस्तव आठवतो. बाहेर शेकोटी पेटलेली असते, चुलीत किंवा शेगडीत निखारे उरलेले असतात. कोणीतरी म्हणते, "धूर तर सरलाय, नुसते लाल निखारे आहेत. आत घेऊ या." शेगडी आत येते, वारा लागू नये म्हणून दार लावले जाते, फटीत चिंध्या कोंबल्या जातात, आणि सगळे झोपी जातात. आगीतून फुफाट्यात पडणे म्हणतात, ते इथे शब्दशः खरे होते. फुफाटा म्हणजे राखेखालचा विस्तव, आणि जीव घेतो तो तोच.

कोळशाला जळायला पुरेशी हवा मिळाली नाही की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे जे लाल द्रव्य आहे, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. जणू बसगाडीतल्या जागा त्यानेच अडवल्या आणि प्राणवायू थांब्यावर उभा राहिला! श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते, आणि मेंदू व हृदय मात्र उपाशी राहतात. फ्रान्समधील शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे उलगडून दाखवले.

लक्षणे कशी असतात? आधी डोके दुखते. मग गरगरते, मळमळते, हातपाय गळून जातात, गुंगी येते. जागा माणूस निदान दार उघडू शकतो. झोपलेल्याला काहीच कळत नाही, त्याची झोप अधिक गाढ होत जाते एवढेच. लहान मुलांना आणि गरोदर बाईच्या पोटातील बाळाला हा वायू अधिक लवकर बाधतो.

हे फक्त गरिबाच्या खोपटातच घडते असे समजू नका. एमिल झोला हा फ्रान्सचा थोर कादंबरीकार १९०२ साली पॅरिसमधील स्वतःच्या घरातच मरण पावला, कारण धुराडे तुंबले होते आणि शेगडीतला वायू खोलीतच राहिला. २०२० च्या जानेवारीत केरळचे आठ पर्यटक नेपाळमध्ये दामन येथे एका खोलीत गॅसचा हीटर लावून, दारे-खिडक्या बंद करून झोपले. त्या आठांत चार मुले होती. सकाळी त्यांपैकी एकही उठला नाही. इंग्लंडच्या कोळशाच्या खाणीत हा वायू ओळखण्यासाठी कॅनरी नावाचे चिमुकले पाखरू पिंजऱ्यातून नेत असत. माणसाआधी पाखरू कोसळे आणि खाणकामगार बाहेर धावत. १९८६ पर्यंत ही पद्धत तिथे चालू होती.

याविषयी आपल्याकडे काही समज घट्ट बसले आहेत. ते एकेक करून काढून टाकू.

धूर नाही म्हणजे भीती नाही, हा पहिला समज. उलट धूर निदान डोळ्यांत जाऊन माणसाला उठवतो. लाल निखारे मुकाट्याने मारतात.

दिवा जळतो आहे म्हणजे हवा चांगली आहे, हा दुसरा. दिवा विझतो तो प्राणवायू फारच कमी झाल्यावर. हा वायू त्याच्या कितीतरी आधी माणसाला आडवा करतो.

शेगडीजवळ पाण्याचे भांडे ठेवले की वायू पाण्यात जिरतो, हा तिसरा. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. भांड्याने हवा थोडी ओलसर होते, बाकी काही नाही.

हा वायू जड असतो, खाली बसतो, म्हणून वरच्या फळीवर झोपावे, हा चौथा. त्याचे वजन हवेएवढेच असते. तो वर-खाली सगळीकडे सारखा पसरतो.

राख टाकली की निखारा मेला, हा पाचवा. राखेखाली तो तासन् तास धुमसतो आणि वायू सोडत राहतो.

आणि मघाशी सांगितलेल्या झडपा? त्या श्वासाच्या ओलीसाठी आहेत. झडप उघडी आहे म्हणून शेगडी आत चालेल, असा अर्थ कृपा करून काढू नका. गॅसची चूल किंवा स्टोव्ह ऊब यावी म्हणून पेटता ठेवून झोपणे तितकेच घातक. त्यात पेंढा आणि प्लास्टिक जवळ असले तर आगीची भीती निराळीच. ट्रकवाल्या बंधूंनी इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपू नये. धुराच्या नळीला कुठे भोक पडले असेल, किंवा शेजारच्या ट्रकची नळी आपल्याकडे तोंड करून असेल, तर तोच वायू आत येतो.

मग विस्तवाची ऊब घ्यायचीच नाही का? अवश्य घ्या, पण बाहेर. शेकोटी उघड्यावर पेटवा, मंडळींनी भोवती बसावे, अंग चांगले तापवावे, गरम पेज किंवा चहा घ्यावा आणि मग झोपायला जावे. सोबत ऊब न्यायची असेल तर वीट न्या. वसईच्या भट्टीवर विटेला काय तोटा? कोरडी, चांगली भाजलेली वीट शेकोटीच्या कडेला ठेवा. फार तापू देऊ नका. कोरड्या गोणपाटाच्या दोन-तीन पदरांत गुंडाळून हातात धरवेल इतकीच ती गरम असावी. ओली वीट तापवू नये, ती तडकते. ही गुंडाळलेली वीट पायांशी, पांघरुणाच्या आत ठेवा. तीन किलोची वीट सत्तर अंशांवरून तीस अंशांवर येईपर्यंत सुमारे चोवीस किलोकॅलरी उष्णता देते. साठ अंशांचे लिटरभर पाणी तीस अंशांवर येईतो तीस देते. म्हणजे घट्ट बुचाची रबरी पिशवी किंवा स्टीलची बाटली असेल तर ती विटेपेक्षाही बरी. दोन्हीभोवती फडके हवेच, आणि तान्ह्या मुलाच्या अंगाला ती लागू देऊ नयेत, नाही तर कातडी भाजते.

वीट जळत नाही, ती फक्त साठवलेली ऊब परत देते. तिच्यातून कुठलाही वायू निघत नाही. ध्यानात ठेवायचे ते एवढेच: वीट आत न्या, विस्तव नको.

गाडी कुठे उभी करता यालाही महत्त्व आहे. थंड हवा जड असते, ती ओहोळाच्या, खाडीच्या कडेच्या सखल जागेत साचते, आणि तिथे ओलही अधिक. म्हणून थोडी उंचवट्याची, कोरडी जागा पाहावी. दार वाऱ्याच्या तोंडाशी नसावे. आपल्या किनाऱ्यावर उत्तररात्री वारा बहुधा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हे लक्षात घ्यावे. दाट झाडाखाली दव कमी पडते, पण नारळाखाली मात्र गाडी लावू नका, हे वसईकरांना सांगायला नकोच!

कॅरव्हॅनवाल्यांसाठी दोन शब्द अधिक. थंड देशांत अशा गाड्या रात्रभर उबदार ठेवतात, त्या कशा? तिथल्या चांगल्या हीटरमध्ये ज्योत बंद पेटीत असते. तिला लागणारी हवा नळीने बाहेरून येते, जळलेला वायू दुसऱ्या नळीने बाहेर जातो, आणि खोलीतली हवा फक्त पेटीच्या अंगावरून जाऊन तापते. ज्योतीचा आणि खोलीच्या हवेचा संबंध कुठेही येत नाही. असा हीटर जाणकाराकडूनच बसवून घ्यावा आणि दर हंगामाआधी त्याच्या नळ्या तपासाव्यात. त्याशिवाय हा वायू वाढला की घंटा वाजवणारे छोटे यंत्र मिळते, ते झोपायच्या जागेजवळ लावावे. घंटा वाजली की कारण शोधत बसू नये. आधी सगळ्यांनी बाहेर पडावे.

विजेचा हिशेबही समजून घ्या. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी पुरती भरली तर त्यात सव्वा युनिटच्या आत वीज असते. हजार वॅटचा हीटर तासाभरात ती संपवील आणि सकाळी गाडी ढकलत बसावे लागेल. पन्नास-साठ वॅटची विजेची गादी मात्र आठ तासांना अर्ध्या युनिटाच्या आसपास घेते. हवा तापवण्यापेक्षा अंथरूण तापवणे केव्हाही स्वस्त.

इतके सांगूनही कुठे प्रसंग ओढवलाच तर काय करावे? एकाच खोलीतली दोन-तीन माणसे एकदम डोके धरून बसली, ओकू लागली किंवा हाका मारूनही उठत नाहीत, आणि आत विस्तव आहे, तर अन्नातून विषबाधा झाली म्हणून वेळ दवडू नका. दार-खिडक्या उघडा, श्वास रोखून आत जा, माणसांना मोकळ्या हवेत ओढून आणा, शेगडी बाहेर काढा. ताबडतोब १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवा. श्वास थांबला असेल आणि तुम्हाला कृत्रिम श्वास व छातीवर दाब देणे येत असेल तर ते सुरू करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, लिंबू, कांद्याचा रस काहीही घालू नका. डॉक्टरांना आवर्जून सांगा की आत निखारे होते. साध्या हवेत या वायूचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण दीड तास. म्हणून बरे वाटले तरी दवाखान्यात जायलाच हवे.

शिक्षकांना एक विनंती आहे. वर्गात हा छोटा प्रयोग करा. सारख्या तीन डब्यांत सारखेच गरम पाणी घ्या. एक उघडा ठेवा, एकाला चिंध्या गुंडाळा, एक पेंढ्यात पुरा. तासाभराने मुलांना बोट घालून पाहू द्या. पेंढ्याचे शास्त्र त्यांना आपोआप कळेल. मग थंड काचेवर फुंकर मारायला सांगा, म्हणजे दव कसे धरते तेही दिसेल. कार्बन मोनॉक्साइडचा प्रयोग मात्र करू नये. तो फळ्यावरच शिकवावा. एक तक्ता करावा, एका बाजूला बाहेरची शेकोटी, दुसऱ्या बाजूला आतली वीट, आणि दोन्हींच्या मध्ये दार. ते चित्र मुले घरी जाऊन आईबापांना सांगतील. पुढारी किंवा पत्रक जे करू शकत नाही, ते पोर करते. रात्री बाप शेगडी उचलू लागला तर तेच म्हणेल, "बाबा, ती बाहेरच राहू द्या. वीट घ्या."

भट्टीच्या मालकांनीही एवढे पाहावे, की हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक भोंग्याला पेंढा, गोणपाट आणि एक धड ताडपत्री मिळते आहे. विटा तर त्यांच्याच दारात आहेत. थंडी दीड-दोन महिन्यांची पाहुणी, ती येते तशी जाते. पण बंद दाराआड एका रात्रीत गेलेली माणसे परत येत नाहीत. तेव्हा आज रात्री अंथरूण घालताना आधी शेगडी कुठे आहे ते पाहा, ती बाहेर आहे याची खात्री करा, आणि मग सुखाने झोपा.